घरचा पडदा आणि संगणकाचा ठोका

घरांत वापरावयाचें यंत्र आणि कारखान्यांत वापरावयाचें यंत्र यांतील फरक केवळ आकाराचा नसतो. कारखाना यंत्रासाठीं बांधतात. घर माणसांसाठीं बांधलेलें असतें, आणि यंत्राला तेथें पाहुण्यासारखें यावें लागतें. वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाहीं. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी आजहि वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें व सहज हलवितां येण्याजोगें असावें. खेड्यांतील साध्या झोंपडींत तें हातानें अथवा पायानें चालवितां यावें. बाईनें सलग आठ तास चालविलें तरी तिला फार श्रम होऊं नयेत. किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी. आणि योग्य देखभाल ठेवल्यास तें निदान वीस वर्षें टिकावें. बक्षीस अखेर कोणासहि मिळालें नाहीं. पुढें या संघाचें कार्यालय सेवाग्रामला आलें. आणि ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत ग्रामोद्योगाचीं अवजारें मांडलीं गेलीं. त्या अटींकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, त्यांतील बहुतेक अटी यंत्रशास्त्रानें नव्हे, तर झोंपडीनें घातलेल्या आहेत.

सुमारें अर्धशतकानंतर हाच प्रश्न अगदीं निराळ्या क्षेत्रांत उभा राहिला. तोंवर संगणक ही मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित दालनांत राहणारी वस्तु होती. १९७५ नंतर सूक्ष्म चिपा स्वस्त झाल्या आणि अमेरिकेंतील व इंग्लंडांतील कांहीं तरुण तंत्रज्ञांच्या मनांत आलें कीं, हें यंत्र घरोघर नेतां येईल. पण संगणकाला आपलें उत्तर दाखवावयास पडदा लागतो, आणि पडदा महाग असतो. त्यांनीं घराकडे पाहिलें, तों तेथें पडदा आधींच होता. तो होता दूरदर्शनचा संच. संगणक त्यालाच जोडला तर किंमत एकदम खालीं येणार होती. मात्र या सोईच्या मोबदल्यांत संगणकाला आपल्या हृदयाचे ठोके त्या संचाच्या तालावर बसवावे लागले. घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीची बरीचशी रचना या एका देवघेवींतून निघाली आहे.

ती समजण्यासाठीं श्रोत्यांनीं जुना, कांचेच्या नळीचा संच आठवावा. त्याच्यावर चित्र छायाचित्राप्रमाणें एकदम उमटत नसे. विद्युत्कणांचा एक बारीक झोत पडद्याच्या आंतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे धांवे, ओळ संपली कीं झटकन् डावीकडे परते, आणि किंचित् खालीं येऊन पुढची ओळ काढी. पान वाचणाऱ्याची दृष्टि जशी फिरते, तसाच त्याचा प्रवास असे. परततांना झोत मालविलेला असल्यामुळें परतीची वाट दिसत नसे. भारतानें स्वीकारलेल्या पद्धतींत एका पूर्ण चित्राच्या ६२५ ओळी असत, आणि सेकंदाला २५ चित्रें दाखविलीं जात. डोळ्यांना लुकलुक जाणवूं नये म्हणून आधीं एकाआड एक ओळी काढावयाच्या व मग मधल्या मोकळ्या जागा भरावयाच्या, अशी योजना होती. अशा रीतीनें तीनशें साडेबारा ओळींचें एक अर्धचित्र होई, आणि सेकंदाला अशीं ५० अर्धचित्रें उमटत.

हा ५० चा आंकडा विजेच्या तारांतून आलेला होता. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. चित्राचा वेग तोच ठेवला म्हणजे विजेच्या लहरींमुळें पडणारी पुसट छाया पडद्यावर सरकत राहत नाहीं. ती जागच्या जागीं राहते आणि डोळ्यांना खुपत नाहीं. अमेरिकेंत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेथें अर्धचित्रें ६० आणि ओळी ५२५. दोन खंडांतील वीजघरांचा हा जुना फरक पुढें संगणकांना कसा भोंवला, तें ओघानें येईलच.

आपल्या पद्धतींत एका ओळीला बरोबर ६४ मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यांपैकीं सुमारें ५२ मायक्रोसेकंद चित्राचे, आणि उरलेले परतीच्या प्रवासाचे. या वेळापत्रकांत सवलत नसते. संगणकाला बेरीज करण्यास एरवीं थोडा उशीर झाला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ओळीच्या मध्यावर पुढचा ठिपका वेळेवर हातीं आला नाहीं, तर झोत त्याच्यासाठीं थांबत नाहीं. तो पुढें निघून जातो आणि चित्र तेथेंच फाटतें.

ही शिस्त किती कडक होती, याचें उघड उदाहरण इंग्लंडांत १९८१ सालीं निघालेला झेडएक्स ८१ हा संगणक होय. त्याची तयार स्वरूपांतील किंमत सत्तर पौंडांच्याहि आंत होती, आणि मुख्य चिपा अवघ्या चार होत्या. चित्र काढण्यासाठीं निराळा नोकर ठेवणें परवडत नसल्यामुळें गणित करणारा प्रोसेसरच ओळींमागून ओळी पुरवीत असे. अर्थात् चित्र चालूं असतां गणिताला उरे तो वेळ फक्त पडद्याच्या वरच्या व खालच्या कोऱ्या पट्ट्यांचा. काम लवकर हवें असेल तर चित्र बंद ठेवण्याची सोय होती. मग पडदा रिकामा होई, आणि यंत्र सुमारें चौपट वेगानें गणित करी. एकाच वेळीं विचार करणें आणि बोलणें त्याला जमत नव्हतें, असें म्हटलें तरी चालेल.

हें झालें काळ्यापांढऱ्या चित्राचें. रंगाची गोष्ट याहून नाजूक आहे. अमेरिकेनें १९५३ च्या डिसेंबरांत एनटीएससी ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धति मान्य केली, तेव्हां तेथील घरोघर काळेपांढरे संच होते. ते निकामी होऊं नयेत, अशी अट होती. म्हणून उजेड-अंधाराचा जुना संकेत तसाच ठेवून, त्याच्यावर एक अतिशीघ्र लहर चढविण्यांत आली. ती सेकंदाला सुमारें ३५ लाख ८० हजार आंदोलनें करते. लहर जितकी जोरदार तितका रंग गडद. आणि ती ठरलेल्या तालाच्या किती पुढें वा मागें आहे, यावरून रंग तांबडा कीं निळा तें ठरतें. पण पुढें-मागें हें कशाच्या? त्यासाठीं प्रत्येक ओळीच्या आरंभीं, चित्र सुरू होण्यापूर्वीं, त्या लहरीचीं आठ-दहा शुद्ध आंदोलनें पाठवितात. गवयी तंबोऱ्यावरून षड्ज घेतो, तसा संच त्यांवरून आपला ताल घेतो आणि मग त्या ओळींतील रंग ओळखतो.

या पद्धतींत वाटेंत ताल किंचित् घसरला तरी रंग बदलतो, आणि माणसाचा चेहरा हिरवट दिसूं लागतो. जर्मनींतील टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनीं १९६३ सालीं त्यावर एक तोड दाखविली. लहरीचा एक घटक दर एका ओळीआड उलटा करावयाचा. म्हणजे एका ओळींत चूक ज्या बाजूला झाली असेल, दुसऱ्या ओळींत ती विरुद्ध बाजूला होईल. दोहोंची सरासरी घेतां चूक नाहींशी होते, रंग फार तर थोडासा फिका पडतो. हीच पॅल पद्धति. तिची लहर सेकंदाला सुमारें ४४ लाख ३४ हजार आंदोलनें करते. भारतानें हीच पद्धति स्वीकारली. १५ ऑगस्ट १९८२ रोजीं दूरदर्शनचें रंगीत प्रक्षेपण सुरू झालें. त्याच वर्षीं १५ नोव्हेंबरला पवनार येथें विनोबांचें देहावसान झालें. आणि त्यानंतर चारच दिवसांनीं दिल्लींत सुरू झालेल्या एशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत संच भारतांतील घरांत शिरूं लागले.

आतां संगणकाकडे वळूं. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत स्टीव्ह वोझ्नियाक यांनीं ॲपल टू हा संगणक रचला. रंगाची लहर तयार करण्यासाठीं निराळी चिप घ्यावयाची, तर खर्च वाढणार. त्यांनीं उलट विचार केला. अमेरिकी रंगलहरीच्या बरोबर चौपट वेगाचा स्फटिक त्यांनीं यंत्राचें मूळ घड्याळ म्हणून बसविला, आणि पडद्यावरील ठिपके रंगलहरीच्या दुप्पट वेगानें सोडले. मग एक ठिपका उजळ, एक काळा, पुन्हां उजळ, पुन्हां काळा, अशी रांग लावली कीं ती रांगच रंगलहरीच्या तालावर आंदोलूं लागते. आणि बिचारा संच तिला रंग समजतो. रांग सम स्थानापासून सुरू केली तर जांभळा, विषम स्थानापासून सुरू केली तर हिरवा. रंग निर्माण करणारें असें यंत्रांत स्वतंत्र कांहीं नव्हतेंच. ठिपक्यांची जागा हाच रंग.

परंतु येथें एक हिशेब आडवा आला. प्रोसेसरच्या एका ठोक्याला मूळ घड्याळाचे १४ ठोके, आणि एका ओळीला प्रोसेसरचे ६५ ठोके; म्हणजे एकूण ९१०. रंगलहरीचें एक आंदोलन मूळ घड्याळाच्या चार ठोक्यांचें. ९१० ला ४ नें भागिलें तर २२७ आणि वर अर्धें उरतें. त्या अर्ध्यामुळें पुढची ओळ उलट्या तालावर सुरू होणार, आणि एका ओळींत जांभळा असलेला ठिपका पुढच्या ओळींत हिरवा होणार. वोझ्नियाक यांनीं प्रत्येक ओळीचा शेवटचा ठोका मूळ घड्याळाच्या दोन ठोक्यांनीं लांबविला. ९१० चे ९१२ झाले. भागाकार बरोबर २२८ आला. आणि रंग जागेवर बसले. प्रत्येक पासष्टाव्या ठोक्याला प्रोसेसरनें किंचित् श्वास रोखावयाचा, एवढीच त्याची किंमत होती. एका उरलेल्या अर्ध्यासाठीं सगळ्या यंत्राची चाल बदलण्याचें हें उदाहरण गणिताच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच यंत्रांत काटकसरीची आणखी एक युक्ति होती. स्मृतीच्या चिपा महाग; तेव्हां प्रोसेसर आणि चित्र काढणारें मंडल या दोघांना एकच स्मृति वापरावी लागे. एका विहिरीवर दोघी पाणी भरूं लागल्या तर खोळंबा होतो. पण एकीची घागर वर येतांना दुसरीची खालीं जात असेल, तर दोघींचेंहि काम होतें. ॲपलमध्यें प्रत्येक ठोक्याचा अर्धा भाग चित्राचा आणि अर्धा प्रोसेसरचा, अशी वाटणी केलेली होती. शिवाय त्या चिपांचा स्वभाव विसराळू असतो. त्यांतील मजकूर कांहीं सहस्रांश सेकंदांच्या आंत पुन्हां वाचला नाहीं तर पुसून जातो. चित्रासाठीं स्मृति सारखी वाचली जात असल्यामुळें ही उजळणी फुकटांत होऊन जाई.

इतकी बांधेसूद रचना, पण ती अमेरिकेच्या घराला मापून शिवलेली होती. ॲपल टू युरोपांत आला तेव्हां ओळींची व चित्रांची संख्या जुळवून घेतां आली. पण उजळ-काळ्या ठिपक्यांची रांग पॅलच्या लहरीशीं जुळेना, आणि ओळीगणिक उलटणारा ताल तर त्या युक्तींत बसतच नव्हता. युरोपासाठीं काढलेला ॲपल टू युरोप्लस स्वतंत्र रंगीत कार्ड बसविल्याखेरीज काळेंपांढरेंच चित्र दाखवी. यंत्र तेंच, देशाची वीज आणि दूरदर्शनची पद्धति बदलतांच त्याचे रंग गेले. ज्या यंत्राचा सारा डौल एका घराशीं साधलेल्या जुळणीवर उभा असतो, त्याला दुसऱ्या घरांत उघडें पडावें लागतें.

इंग्लंडांत १९८२ च्या एप्रिलांत निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमनें निराळा मार्ग धरला. चित्र काढण्याचें काम त्यांत फेरांटी कंपनीनें बनविलेल्या एका खास चिपेकडे दिलें होतें. ती सेकंदाला ७० लाख ठिपके सोडी; ६४ मायक्रोसेकंदांच्या ओळींत ४४८ ठिपक्यांचा वेळ बसे. त्यांतील २५६ चित्राचे, बाकीचा वेळ कडेच्या चौकटीचा व परतीचा. प्रोसेसरचा वेग याच्या बरोबर निम्मा, म्हणून एका ओळीला त्याचे २२४ ठोके. अर्धी ओळ सोडून देऊन पडद्याच्या ३१२ ओळी धरल्या, तर एका चित्राला ६९,८८८ ठोके होतात. आणि सेकंदाला पन्नासाहून किंचित् अधिक चित्रें. घरचा संच एवढा फरक निमूटपणें पोटांत घाली.

रंगासाठीं स्पेक्ट्रममध्यें दुसरा, पॅलच्या वेगाचा स्फटिक होता. त्याचा ठिपक्यांच्या घड्याळाशीं मेळ नव्हता, म्हणून रंगांच्या कडांवर बारीक चुळबुळ दिसे. पण खरी अडचण स्मृतीची होती. २५६ ठिपक्यांच्या १९२ ओळी म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आठांपैकीं कोणताहि रंग द्यावयाचा, तर १८,४३२ बाइट लागतील. आणि सव्वाशें पौंडांच्या लहान स्पेक्ट्रमची सारी वापरण्याजोगी स्मृति होती १६,३८४ बाइटांची. म्हणून पडद्याचे ७६८ चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनाला दोनच रंग दिले. एक आकृतीचा, एक पार्श्वभूमीचा. आतां सगळें चित्र ६,९१२ बाइटांत मावलें. त्याचा दोष असा कीं, हिरव्या झाडापुढून तांबडा माणूस चालला तर त्याच्या भोंवतींचें झाड चौकोनाचौकोनानें तांबडें होत जाई. त्या काळच्या मुलांना हें दृश्य परिचित आहे. चित्रकारांनीं मात्र त्या चौकोनांच्या जाळ्यांतच आकृति बसविण्याची एक कला निर्माण केली. साडीच्या किनारीवरचा मोर विणकर धाग्यांच्या मोजमापांत बसवितो, त्याच जातीची ही कला होय.

त्याच साली आलेल्या कमोडोर ६४ या संगणकाची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेंतील यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारें १० लाख २३ हजार ठोके घेई, तर पॅल देशांतील यंत्राचा सुमारें ९ लाख ८५ हजार. नांव एक, रूप एक. पण वेग त्या त्या देशाच्या दूरदर्शननें ठरविलेला. चित्रांच्या तालावर वाजणारें संगीत अमेरिकेसाठीं रचलेलें असेल, तर ६० चे ५० होतांच तें एक षष्ठांशानें संथ होई.

भारताच्या वाट्याला या संगणकांपैकीं मुख्यत्वें इंग्रजी वळणाचीं यंत्रें आलीं. १९८४-८५ मध्यें केंद्र सरकारनें शाळांसाठीं 'क्लास' नांवाची योजना सुरू केली, आणि आरंभीं सुमारें २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्यांत स्मृतीचा वेग प्रोसेसरच्या दुप्पट ठेवलेला असल्यामुळें चित्र आणि गणित आळीपाळीनें, एकमेकांना न थांबवितां चालत. पुढें डेसिबेल्स या भारतीय कंपनीनें स्पेक्ट्रम प्लसचा येथील अवतार बाजारांत आणला. हीं यंत्रें येथें रुजण्याचीं व्यापारी कारणें अनेक असतील. पण ५० आवर्तनांची वीज, ६२५ ओळी आणि पॅलचे रंग हे तिन्ही योग इंग्लंडप्रमाणेंच येथेंहि जुळलेले होते, हें विसरतां येत नाहीं. इंग्लंडांतील घराच्या पडद्यासाठीं केलेलें यंत्र नागपूर-वर्ध्याच्या घरांतील पडद्यावर आपले रंग न गमावतां उभें राहूं शकत होतें.

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंतून पुढें नई तालीम उभी राहिली. हातांतील कामांतूनच ज्ञान मिळावें, तकलीवर सूत काततांना मुलानें गणित शिकावें, हें तिचें सूत्र होतें. पहिल्या पिढीच्या घरगुती संगणकांत शिक्षणाची अशीच एक संधि होती, कारण त्यांचा सगळा हिशेब एका माणसाच्या डोक्यांत मावत असे. ६४ मायक्रोसेकंदांत ठोके किती, त्यांतले चित्राचे किती, आपल्या हातीं उरले किती, हें पाटीवर मांडतां येई; आणि उत्तर चुकलें तर पडदाच तें दाखवी. आजचा संगणक लक्षावधि पटींनीं समर्थ आहे, पण त्याच्या एका ठोक्यांत काय घडतें हें त्याच्या मालकाला सांगतां येत नाहीं.

या हिशेबाला आतां निराळें महत्त्व आलें आहे. कांचेच्या नळीचे संच घरांतून गेले. दूरदर्शनचें जुन्या पद्धतीचें भूपृष्ठीय प्रक्षेपणहि बहुतेक ठिकाणीं बंद झालें. नव्या सपाट पडद्यांपैकीं कित्येकांना त्या जुन्या यंत्रांचा ३१२ ओळींचा संकेत ओळखतां येत नाहीं. यंत्र पेटींत शाबूत असलें तरी त्याला साथ देणारा पडदा नसेल, तर तें मुकेंच राहणार. म्हणून जुन्या संगणकांचे अभ्यासक आजच्या यंत्रांवर त्यांची हुबेहूब नक्कल उतरवितात. त्या नकलेंत प्रोसेसरचें गणित बरोबर असून भागत नाहीं. स्पेक्ट्रमचे ६९,८८८ ठोके नेमके मोजावे लागतात, ॲपलचा पासष्टावा ठोका तेवढाच लांबवावा लागतो. नाहीं तर झोताच्या तालावर रचलेलीं त्या काळचीं चित्रें विस्कटून जातात. चरखा संग्रहालयांत जपतांना चात्याचा सरळपणा आणि माळेचा ताण जपला नाहीं, तर लांकूड उरतें, सूत निघत नाहीं. या संगणकांतहि जपावयाची वस्तु पेटी नसून ठोका आहे, आणि तो मोजून लिहून ठेवण्याइतके जाणकार आज हयात आहेत.